वरची मूठ

बाजारात त्यांना सगळे काटासाहेब म्हणत. दुकानांतले तराजू तपासायचे, खरा असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल तो जप्त करायचा, ही त्यांची नोकरी. अंगात वर्दी नाही, हातात काठी नाही. पण ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की भल्याभल्या दुकानदारांना घाम फुटायचा.

साहेब कुणाच्या चहाचेही मिंधे नव्हते. पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणत. इथे भाजी घेतली तर भाजीवाली दोन टोमॅटो जास्त टाकणार, म्हणून ते बस धरून अशा ठिकाणी जात जिथे त्यांना काळं कुत्रंही ओळखत नसे. दुकानदारांच्या घरची लग्नं तर त्यांनी कधी पाहिलीच नाहीत. बायको चिडवायची, "अहो, कुणाचं काही घेऊ नका, पण माणसं तरी जोडा की!" ती गेली आणि चिडवणारंही कुणी उरलं नाही.

एक घर मात्र होतं, धाकट्या भावाचं. वडिलांचं किराणा दुकान तो चालवायचा. दर रविवारी साहेब त्याच्याकडे जेवायला जात आणि निघताना भाऊ त्यांच्या तळहातावर मूठभर शेंगदाणे ठेवी. ही वडिलांची सवय. गिऱ्हाइकाचा माल तोलून झाला की ते वर एक मूठ टाकायचे, आणि त्या मुठीसाठी लोक लांबून यायचे.

मग त्या गल्लीची तपासणी साहेबांच्याच वाट्याला आली. 'दुसऱ्या कुणाला पाठवा' असं ते वरिष्ठांना सांगू शकले असते. पण भावाच्या दुकानात लपवण्यासारखं असणार तरी काय, अशी त्यांची खात्री. त्यांनी मालाचं पारडं उलटं केलं, तर खाली मेणाचा गोळा चिकटवलेला! जुना, काळा पडलेला, दगडासारखा टणक. वडिलांच्याच हातचा. म्हणजे वरून एक मूठ द्यायची आणि खालून दोन काढायच्या, असा सगळा मामला होता. आणि त्याच काट्याच्या कमाईवर साहेबांचं शिक्षण झालेलं!

भाऊ पांढराफटक पडला. "दादा, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. आजच्या आज काटा बदलतो."

असा दोष पहिल्यांदा सापडला तर साहेब दुकानदाराला समज देत, दुरुस्तीला मुदत देत. तेवढा अधिकार त्यांना होता. समोरच्या तेलवाल्याला त्यांनी त्याच सकाळी मुदत दिली होती. पण आता दारात गर्दी जमली होती, कुणीतरी मुद्दाम खाकरलं, आणि साहेबांना आपल्या नावाची काळजी पडली. त्यांनी काटा जप्त केला आणि भावावर खटला भरला.

"मानलं बुवा! सख्ख्या भावालाही सोडलं नाही," बाजार म्हणाला.

भाऊ एवढंच म्हणाला, "तेलवाल्याला दिलंस तेवढं तरी मला द्यायचं होतंस, दादा."

त्या दिवसापासून रविवारचं जेवण बंद झालं.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांच्या वरिष्ठांनी भावाचाच किस्सा रंगवून सांगितला आणि टाळ्या पडल्या. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला समज देऊन भागलं असतं, त्याला त्यांनी लोकांच्या तोंडाकडे बघून कोर्टात उभं केलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि स्वतःच्या भावाला कमी मोजलं. हे कुणाला सांगावं, तर घरात भिंती होत्या.

शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून ते दुकानाची पायरी चढले. आता ना हुद्दा, ना शिक्का, साधं गिऱ्हाईक. काउंटरवर आकडे दाखवणारा नवा काटा होता.

भावानं वर पाहिलं. केस पार पिकले होते त्याचे. "काय देऊ?"

"पाव किलो शेंगदाणे."

भावानं दाणे काट्यावर ओतले. आकडा किंचित पुढे गेला, तसा त्यानं एक दाणा उचलून पोत्यात टाकला.

"बघून घ्या, साहेब. बरोबर आहे ना?"

दादा नाही, साहेब. त्यांनी पुडी घेतली, पैसे दिले, पण पाय हलेना. जन्मभर कुणाचं काही न घेतलेला तो हात काउंटरवर उताणाच राहिला.

"त्या दिवशी माझं चुकलं रे," ते पुटपुटले. "तुला मी कमी दिलं."

भावाचा हात पोत्यापाशी थांबला. त्यानं त्या तळहाताकडे पाहिलं. मग फडकं घेऊन काटा पुसला, नको तितका वेळ पुसला.

"माप बरोबर आहे, साहेब. मागच्यांना येऊ द्या."

साहेब बाजूला झाले. पायरी उतरताना मागच्या बाईचा माल तोलला गेला आणि तिच्या पिशवीत वरची मूठ पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.