लॉबीतलं मुंडकं

"ताई, घट्ट धर. भोक शेंडीच्या बरोबर मधोमध पडलं पाहिजे."

शेंडी म्हणाले शेठ, माझे मालक. बुद्धाच्या डोक्यावरच्या उंचवट्याला.

ताथवड्यातल्या एका सोसायटीची लॉबी. मी फरशीवर बसलेली, मांडीत बुद्धाचं मुंडकं. फायबरचं. मीच पॉलिशपेपरनं घासलेलं. वरून नळी घालायची, पाणी गालांवरून खाली सोडायचं. कारंजं. शेजारी चपलांचा रॅक आधीच लावलेला.

माझे हात ढिले पडले.

सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. म्हणाले, "काय झालं? तुम्ही कुठल्या समाजाच्या?"

मी सांगितलं.

"अच्छा. म्हणून." मग शेठकडे बघून हसले. "अहो, शो-पीस आहे हा. तुमच्या लोकांच्या ना, लगेच भावना दुखावतात. उलट आम्ही मान दिलाय. थेट लॉबीत बसवलाय."

बसवलाय म्हणे. बसायला धड कुठाय?

याच लोकांनी बागेसाठी आमच्याकडूनच छोटं हेमाडपंती देऊळ नेलं होतं. ते जोडताना मला चपला लांब काढायला लावल्या होत्या. मी काढल्या. मुकाट.

तळवड्याच्या आमच्या मूर्तींच्या शेडमध्ये राजघराणी, देश सगळे रंगाच्या डब्यांवर असतात. पिवळट दगडी रंग म्हणजे गुप्त. काळपट म्हणजे गांधार. सोनेरी थाई. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतं, "गुप्त फिनिशमध्ये मुंडकं द्या." अख्खी मूर्ती कोणी मागत नाही. जागा खाते.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. त्याआधी आईनं एकदा लेणी दाखवायला नेलं होतं. तिथं कितीतरी मूर्तींना डोकंच नव्हतं. आई हात जोडून म्हणाली, "मुंडकं नेलं बघ कुणी. पर बसनं नाही मोडलं त्यांचं."

आणि इथं मी नुसती मुंडकी घासत होते.

शेठचे उपकार आहेत. चाकणला कंपनीत नवऱ्याचा हात प्रेसखाली सापडला, तेव्हा शेठनीच स्वतःच्या गाडीतून पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. मी खाडे केले, तरी काढलं नाही. आत्ताही ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात ते सगळं होतं.

मी गळ्यातला स्कार्फ काढला, फरशीवर अंथरला. मुंडकं त्यावर ठेवलं.

"शेठ, मी नाही धरणार."

"येडी झाली का? गिऱ्हाईकासमोर?"

"नाही धरणार."

शेठनी मुंडकं गुडघ्यांत दाबलं आणि स्वतःच ड्रिल लावलं. पांढरी भुकटी माझ्या स्कार्फवर पडली. पंप सुरू झाला. पाणी बंद डोळ्यांवरून वाहायला लागलं. सेक्रेटरींनी फोटो काढला. मी काहीच थांबवू शकले नाही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, उद्या काढलं तर खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी शेठनी माझ्या टेबलावर मुंडकी मांडून ठेवलेली.

"गांधार आहेत. संध्याकाळपर्यंत घासून दे."

मी हात मागं घेतले. "शेठ, तुमचं मी विसरले नाही. अख्खी मूर्ती द्या, जेवायला न उठता घासते. मुंडकं नाही घासणार."

शेठनी मुंडकी उचलून पलीकडच्या बाईला दिली. ती घासते. तिलाही मी थांबवू शकत नाही.

मला अजून काढलेलं नाही. काढतील. पण माझ्या हातून आता धडाशिवाय बुद्ध बाहेर जाणार नाही.

एकही नाही.