ओटीतलं पपनस

कडोलकर मॅडमची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या डब्यापाशी झाली. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून मोसंबी खाल्ली आणि साल डब्यात टाकली. मागून आवाज आला, "खायचं तेवढं खाल्लंस आणि शिकायचं ते टाकलंस होय गं?" मॅडमनी स्वतः वाकून ती साल उचलली, मला आत नेलं आणि स्पिरिटच्या दिव्याजवळ पिळली. ज्योतीत ठिणग्या तडतडल्या. सालीतलं तेल जळत होतं, हे नंतर कळलं. त्या वेळी मी नुसती आ वासून पाहत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापुढे माझी अवस्था अजूनही बहुधा तशीच असते.

प्रा. शकुंतला कडोलकर यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहायचा मान निपाणीच्या माझ्यासारख्या शाळामास्तरणीला मिळाला, हे माझं भाग्य. त्यांच्या संशोधनाबद्दल जाणकार लिहितीलच. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस या एका कुळातल्या फळांना कडवटपणा कशाने येतो, सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात कोणती द्रव्यं असतात, ती रक्तवाहिन्यांना कितपत उपयोगी पडतात, यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. उत्तरपत्रिकेत कुणी 'संत्रं आरोग्याला चांगलं' असं लिहिलं की समासात तांबड्या शाईत एकच शब्द यायचा, 'कुणाच्या?' आम्ही त्या शब्दाला इतके वैतागलो होतो की कँटीनमध्ये चहा चांगला आहे म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

मला मात्र जो प्रसंग सांगायचा आहे, तो त्यांच्या चुकीचा आहे. गौरवग्रंथात चूक लिहावी का, म्हणून मी फोन करून त्यांनाच विचारलं. "तीच लिही. नाहीतर बाकीचं कुणाला खरं वाटायचं नाही," म्हणाल्या.

शहरातल्या खासबाग भागात त्यांच्या घरामागे पपनसाचं झाड आहे. काही वर्षांपूर्वी गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांनी प्रत्येकीच्या ओटीत नारळाच्या जोडीला दोन-दोन पपनसं घातली आणि हौसेने त्यांचे गुणही सांगितले. "रोज थोडा रस घ्या, औषधच समजा," असं त्या बोलून गेल्या. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आक्का, माझ्याबरोबर आल्या होत्या. एवढ्या शिकलेल्या बाईंचा शब्द त्यांनी पदराला गाठ मारून निपाणीला आणला. दुसऱ्या दिवसापासून रक्तदाबाची गोळी पाण्याऐवजी पपनसाच्या रसाबरोबर सुरू झाली.

चौथ्या दिवशी आक्का भिंत धरत धरत खाली बसल्या. रक्तदाब फारच उतरला होता. डॉक्टरांनी विचारलं, चुकून दोन गोळ्या घेतल्या का? घेतली होती एकच. त्यांनी औषध दिलं, पण कोडं काही सुटेना. संध्याकाळी धीर यावा म्हणून मॅडमना फोन लावला.

"गोळी कशाबरोबर घेतात त्या?"

"तुम्ही दिलेल्या पपनसाच्या रसाबरोबर," मी कौतुकाने सांगितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "रस आत्ताच्या आत्ता बंद कर. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. डॉक्टरांना हे सगळं सांग."

काही गोळ्यांचा बराचसा भाग आतड्यातच मोडला जातो आणि डोस तो हिशेब धरूनच ठरवलेला असतो. पपनसातली काही द्रव्यं ती मोडतोडच अडवतात, त्यामुळे एक गोळी दोन-तीन गोळ्यांएवढी चढते. सगळ्या गोळ्यांचं असं होत नाही, पण आक्कांची गोळी नेमकी त्यातली निघाली.

त्याच संध्याकाळी मॅडमनी हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्याजणींना फोन केले. पुढचे दोन दिवस त्या खासबाग आणि जवळच्या शहापूरच्या गल्ल्यांतून दारोदार हिंडल्या. प्रत्येकीच्या गोळ्यांची नावं वहीत उतरवली. ती वही कॅम्पातल्या एका डॉक्टरांना दाखवली आणि ज्यांना धोका होता त्यांच्याकडून फळं परत आणली. शहापुरात एका बाईंनी दारातच ऐकवलं, "एवढं शिकून काय उपेग झाला मग?" मॅडम म्हणाल्या, "व्हय, खरं आहे तुमचं. गोळीचं पाकीट तेवढं दाखवा."

तिसऱ्या दिवशी त्या बसने निपाणीला आल्या. पाणीसुद्धा न घेता आक्कांच्या खाटेसमोर उभ्या राहिल्या.

"आक्का, चूक माझी. ग्रेपफ्रुट नावाच्या परदेशी फळाचं असं होतं हे मी वाचलं होतं. आपलं पपनस त्याच्याच घरातलं, तरी डोक्यात आलं नाही. पोरांना जन्मभर विचारलं, कुणाच्या? स्वतःला विचारायचं राहिलं. उरलेलं फळ मला परत द्या."

आक्का उठून बसल्या. "फळ न्हाय मिळायचं बाई. ओटीत घातल्यालं कोण परत मागतंय व्हय? माझ्या घरधन्याच्या जिवाला वंगाळ असतंय ते."

फळ घरात राहिलं तर आक्का ते टाकणार नव्हत्या, खाणार होत्या. मॅडम हसल्या नाहीत, की वाद घालत बसल्या नाहीत. जमिनीवर मांडी घालून त्यांनी पदर पसरला.

"मग परत नको. तुम्ही माझी ओटी भरा."

आक्का माझा हात धरून उठल्या, कुंकू लावलं, तांदूळ घातले आणि ते पपनस मॅडमच्या पदरात ठेवलं. मॅडमनी वाकून त्यांना नमस्कार केला. त्या गेल्यावर आक्का म्हणाल्या, "लई शिकल्याली हाय, पर वाकतीया बघ." माझ्या घरातलं माणूस त्या दिवशी वाचलं, असंच मी आजही मानते.

तेव्हापासून त्यांच्या हळदीकुंकवाला ओटीत एक चिठ्ठी असते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: 'फळ खाण्याआधी आपल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.' आमच्या सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून किती रण माजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या चिठ्ठीवरून अजून कुणी भांडलेलं नाही.

अमृतमहोत्सवाला आक्का येणार आहेत. मॅडमची ओटी भरायची आणि पपनसानेच भरायची, असा त्यांचा हट्ट आहे. म्हणून परवा मी मॅडमना फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी मुकाट्याने नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून कळवते."

मॅडम, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि आमच्या समासात तो प्रश्न लिहीत राहा. डॉक्टर नको म्हणाले तर आक्का मोसंबी घालतील. साल मात्र या वेळी मी टाकणार नाही.