सगळ्या घराच्या वतीनं आण्णा

आण्णा खुर्चीवर टेकायचे तेच बाही वर सरकवून. "हं, काढा म्याडम. सगळ्या घराचं माझंच काढा."

आटपाडीकडच्या त्या गावात आम्ही आरोग्य-संशोधनासाठी रक्ताचे नमुने घ्यायला जायचो. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा नमुना हवा, असा नियम. आण्णांना तो मान्य नव्हता. लग्नात सगळ्या घराचा आहेर ते करत, ग्रामसभेत सगळ्या घराचं मत तेच मांडत. मग रक्तानंच काय घोडं मारलं होतं?

"एवढ्या नळ्या तुमच्या एकट्याच्या हातातून भरू?" मी वैतागून विचारलं.

"भरा की. आमी कवा न्हाई म्हनलोय?"

सांगलीला विश्रामबागच्या ऑफिसात मी आमच्या प्रकल्पप्रमुख सरांच्या कानावर हे घातलं. "लोकसहभाग वाढवा," सर म्हणाले. सर स्वतः त्या गावात कधी उतरले नव्हते, पण परिषदांमध्ये सगळ्या गावाच्या वतीनं बोलायचे. आण्णांशी त्यांचं छान जमलं असतं.

पुढच्या खेपेला आण्णांची सून शोभा चहा घेऊन आली. कप धरलेली तिची नखं पांढरीफटक होती. मी म्हटलं, "आण्णा, आज हिचंच घेणार."

आण्णांचा आवाज एकदम खाली आला. "आवं म्याडम, तिच्यात आदीच रगात कमी हाय. त्यातलं बी तुमी काढून नेनार? म्हून तर म्हनतोय, माझं घ्या."

या माणसाला मी आजवर हेकट म्हणत आले होते. "किती कमी आहे ते कळायला चमचाभर पुरतं," मी म्हणाले. आण्णा तयार झाले, पण सुई टोचताना तोंड फिरवून बसले.

रिपोर्ट वाईट आला. शोभाला सांगलीत दाखल करून रक्त चढवावं लागलं. रक्तपेढीत आण्णा सगळ्यांच्या पुढे, बाही वर करून. तिथल्या मुलीनं वय विचारलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं चालत नाही." असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नसावं. मुलगा आत रक्त द्यायला गेला आणि आण्णा बाही तशीच ठेवून बाकावर बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी आण्णा गेले. त्यानंतरच्या फेरीला त्यांच्या खुर्चीवर शोभा बसली होती, पदर खोचून, हात पुढे करून. चेहऱ्यावर चांगली तुकतुकी होती.

"माझं आदी घ्या ताई. आण्णा सांगून गेल्यात, आता घराच्या वतीनं तू बस."

मागे नवरा हळूच दाराकडे सरकत होता. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"आन् तुमी कुठं निगाला? बसा हितं. ज्याचं त्यानंच द्यायचं."