लांब गेलं की मरणारी बॅटरी

लग्न होऊन परभणीला आले तेव्हा आमच्या दारात एक जुनी मोटार होती. माझे यजमान डॉक्टर. खेड्यातून बोलावणं आलं की ते ड्रायव्हरला सोबत घेऊन तिच्यातूनच निघत. निजामी अमलातल्या त्या गावात मोटारी मोजक्याच, आणि मोटारीचा मिस्त्री एकही नाही.

एका हिवाळ्यात गाडी छळायला लागली. सकाळी सेल्फ दाबला तर नुसती कण्हायची. बॅटरी रिकामी. हैदराबादहून नवी मागवली, तिचीही तीच गत. एकदा पालमहून एका अडलेल्या बाळंतिणीसाठी माणूस आला. ड्रायव्हरनं घाईघाईनं इंजिनाला पुढून हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि त्याचं मनगट सुजलं. शेजाऱ्यांनी ढकलून गाडी चालू केली, यजमान स्वतःच चालवत गेले. आई आणि मूल दोघंही वाचली. पण त्या दिवशी घरातले सगळेच घाबरले होते.

मला मात्र एक गोष्ट राहून राहून खटकत होती. गाडी गावातल्या गावात फिरली, की दुसऱ्या दिवशी चटकन चालू व्हायची. लांब जाऊन आली, की सकाळी मेलेली.

मी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे उलटंच झालं की. लांब गेलं की डायनामो बॅटरीत जास्त वीज भरतो."

"भरतो हे कशावरून?"

"समोर विजेचा काटा असतो ना. बॅटरीत वीज भरत असली की अधिककडं, जात असली की उणेकडं. चालवताना तो अधिककडंच असतो."

"आणि गाडी बंद केल्यावर?"

बंद गाडीचा काटा कोण बघतं?

पुढच्या खेपेला लांबच्या चारठाण्याहून ते दुपारीच परतले. मी पदर खोचून गाडीत जाऊन बसले. इंजिन बंद, दिवे बंद, तरी काटा मधे न थांबता उणेकडे झुकलेला! संध्याकाळचा चहा होईपर्यंत आम्ही थांबलो. इंजिन निवलं, पण डायनामोला हात लावला तर चटका बसला.

हात गळ्यात बांधलेला ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, "बाईसाहेब, ह्योच रातभर बॅटरी पिऊन टाकायलाय की!"

यजमानांनी डायनामोची तार सोडवली. काटा टुणकन मधे आला. तार लावली, पुन्हा उणेकडे. खात्री पटली तरी आम्ही तिघं पुन्हा पुन्हा तेच करत राहिलो, इतकी मजा वाटत होती.

मग त्यांनी तारेच्या वाटेवरची पत्र्याची छोटी डबी उघडली. तिला कटआउट म्हणत. इंजिन चालू असताना डायनामो बॅटरीला जोडायचा, बंद झालं की तोडायचा, एवढंच तिचं काम. आतले धातूचे दोन ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. लांबच्या प्रवासात ते तापून चिकटत आणि इंजिन बंद झालं तरी सुटत नसत; मग बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाई. यजमानांनी ते हलकेच सोडवले, बारीक काचकागदानं घासले.

नंतर ते पार पालमला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं चांगल्या हातानं सेल्फ दाबला. गाडी एका दमात चालू झाली.

"आता काय?" यजमानांनी मला विचारलं.

"आता मला डायनामोच्या आत काय असतं ते बघायचंय," मी म्हणाले.

त्यांनी कुठूनसा एक मोडका डायनामो आणून दिला. ओसरीवर जुनं लुगडं अंथरून मी त्याचा पहिला स्क्रू फिरवला.