जटेला जवसाचा रस

मानवतच्या पेठेमागं सरजाबाईचं घर. न्हाण्याची पूड बायका तिच्याकडूनच न्यायच्या. पण ती आधी डोक्याला हात लावी, दोन केस चिमटीत धरून फिरवून बघी आणि मगच डबा उघडी. तेलकट केसाला शिकेकाई, कोंड्याला मेथी आणि दही, रखरखीत केसाला नुसती जास्वंदीची पानं. एकच पूड सगळ्यांच्या गळ्यात मारणं तिला पटत नसे.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या धुरपताबाईची सून पंचफुला मुदतीच्या तापातून उठली. अंथरुणावर होती तोवर डोक्याला फणी लागली नव्हती. मानेवर केसांचा घट्ट गोळा झालेला. धुरपताबाईनं त्याला हळदकुंकू वाहून टाकलं.

"देवीची जट हाय. आता फणी न्हाई की कात्री न्हाई. पुनवेला परडी घेऊन जोगवा मागायचा हिनं."

परडी हाती आली की संसार सुटला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पंचफुलानं पाळण्यातल्या आपल्या लेकराकडं पाहिलं.

सरजाबाई देवीचा मंगळवार कडक पाळणारी. देवीनंच बांधलं असेल तर आपण सोडवणारे कोण? दोन दिवस तिचं पूजेत मन लागेना. मग तिनं जाऊन तो गोळा चाचपला. वरून घामानं, धुळीनं आवळलेला. आत मात्र केस सुटे लागत होते.

"वैनी, एक दिवस द्या मला. न्हाई सुटली तर परडी मी सोता आणीन."

"अन् देवी कोपली म्हंजी?"

"माह्यावर कोपू द्या. माहं डोस्कं तसंबी पिकलंय."

रिठा तिनं बाजूला सारला. त्यानं केस आणखी राठ होतात. शिकेकाईही नको. नुसतं करडईचं तेल वरच्यावर राहिलं असतं. शेवटी तिनं मूठभर जवस पाण्यात उकळला, फडक्यातून गाळला. बोटांत तार धरणारा बुळबुळीत रस निघाला. त्यात एरंडेल अगदी थोडं, नाहीतर गोळा जड होऊन बसतो. देवघरापुढं हात जोडून तिनं टोकाकडून सुरुवात केली. रस चोळायचा, मुरू द्यायचा, बोटांनी बट सोडवायची.

धुरपताबाई दारात पाठ करून बसलेली, पण मान सारखी वळत होती. उन्हं कलली तेव्हा मानेजवळची एक गाठ उरली. सरजाबाईची बोटं सुजली होती.

"आता जोर न्हाई वैनी. एवढी कापावी लागंल."

"कात्री लावायची न्हाई म्हनलं ना!" धुरपताबाई तणतणत उठली. रसाची वाटी तिनं ओढून घेतली. "सरक तिकडं."

ती सुनेच्या मागं बसली आणि रसात बोटं बुडवली.

"हळू आत्या, दुखायलंय."

"गप. हालू नको."