थंड गावचा तक्ता

इंगोले सरांना कुठलाही आकडा विचारला की ते आधी विचारत, "कोणत्या महिन्यात?" विहिरीला पाणी किती, औंढ्याला पोचायला वेळ किती, अगदी त्यांचं वजन किती असं विचारलं तरी हेच. कॉलेजात नव्याने आलेल्यांना ती थट्टा वाटे आणि ते हसत. सर हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत राहत. मी त्यांना या सवयीच्या आधीपासून ओळखत होतो.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. आमच्या कॉलेजात सर पदार्थविज्ञान शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. किडकिडीत बांधा, खिशात स्लाइड रूल, म्हणजे पट्टीत पट्टी सरकवून गुणाकार-भागाकार करायचं साधन, आणि बोटं कायम पिवळट तपकिरी. घरी ते सर्किटचे बोर्ड बनवत. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पाटीवर रंगाने रेघा काढायच्या, पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची; उघडं तांबं विरघळून जातं आणि रंगाखालच्या रेघा उरतात. तारांऐवजी त्या रेघांतून वीज जाते. औषधाचे डाग बोटांवरून निघत नसत. एका लग्नात कुणी तरी म्हणालं, सर, हळद नवऱ्याला होती ना? सर म्हणाले, "नवऱ्याची चार दिवसांत जाईल. माझी न्हाई जायची."

सेनगावकडच्या एका गावात छोटा सरकारी दवाखाना होता. तिथे फ्रीजमध्ये सापाची लस ठेवलेली असे. उन्हाळ्यात विजेचा दाब पडला की फ्रीजची मोटर घरघरून जळायची आणि लस नासायची. तिथले डॉक्टर सरांच्या ओळखीचे. सरांनी स्वतः होऊन एक पेटी करून द्यायचं ठरवलं. दाब पडला की ती फ्रीज बंद करणार आणि दाब आला की पुन्हा सुरू करणार. फ्रीजची सगळी वीज बोर्डावरच्या दोन रेघांतून जाणार होती, म्हणून रेघ किती रुंद हवी, हा खरा प्रश्न होता.

त्याचा तक्ता मी मागवलेल्या एका परदेशी पुस्तकात होता. वीज इतकी, तांबं इतकं जाड आणि रेघ इतकी रुंद असेल, तर रेघ भोवतालच्या हवेपेक्षा इतके अंश जास्त तापेल, असं त्यावरून काढता येई. सरांनी जानेवारीत, माझ्याच टेबलावर, अंगात स्वेटर घालून ती आकडेमोड केली. पट्टी सरकवली, उत्तर वाचलं, वर थोडी रुंदी वाढवली. समाधानाने म्हणाले, "आता जळती का बघू."

पेटी बसली. दाब पडला की टक् असा आवाज होई आणि फ्रीज सांभाळला जाई. दवाखान्यात लस आता कायम असते, हे गावोगाव माहीत झालं.

मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, पश्चिमेच्या भिंतीवरच्या त्या पत्र्याच्या पेटीत तांब्याची रेघ पाटीवरून सुटली आणि तुटली. फ्रीज बंद पडला. रविवारी कुणी दार उघडलं नाही. सोमवारी सकाळी पुसेगावच्या पलीकडच्या खेड्यातला गंगाराम नावाचा शेतकरी साप चावलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. डॉक्टरांनी बाटल्या काढल्या तर लस गढूळ झालेली. ती टोचता येईना. मुलीला जीपमध्ये घालून परभणीला निघाले. ती वाटेतच गेली.

पेटी उघडल्यावर सरांना सगळं कळलं. रेघ किती अंश जास्त तापेल हे तक्ता सांगतो; हवा आधीच किती तापली आहे हे ज्याचं त्याने मिळवायचं असतं. पुस्तकातल्या उदाहरणांत हवा गार होती, आणि सरांच्या जानेवारीतही गार होती. मी म्हणालो की पुस्तकाने हे स्पष्ट सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "तक्ता खोटा न्हाई, कुलकर्णी. तक्ता थंड गावचा हाय. मी तर गरम गावचा हाय ना."

पुढे एकदा मी त्यांना समजवायला गेलो. पेटी नसती तर फ्रीज एप्रिलमध्येच जळाला असता, लस तेव्हाही नसती. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. "जळाला असता तर लोकायला ठावं असतं," ते म्हणाले. "तो बाप इकडं आलाच नसता. पहाटंच थेट परभणीला गेला असता. माझ्या पेटीच्या भरवशावर आला तो."

पुढचे दोन उन्हाळे ते भर दुपारी कॉलेजच्या गच्चीवर असत. पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या रुंदीच्या तांब्याच्या रेघा, प्रत्येकीवर मेणाचा थेंब. वीज सोडायची आणि कुठला थेंब वितळतो ते बघायचं. पोरं खालून म्हणत, इंगोले सर पापड वाळवून राहिले. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, घरून टोपी पाठवत. ती जिन्यातच राही. आलेख कागदावर त्यांनी आमच्या मे महिन्याचा तक्ता काढला. त्यावरून नवा बोर्ड केला, रेघा जवळजवळ बोटाएवढ्या रुंद. पेटी उत्तरेच्या भिंतीवर नेली.

मग मला म्हणाले, चला. आम्ही गंगारामच्या घरी गेलो. तो अंगणात दोर वळत होता. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पेटी कुणाची, चूक कुणाची, काही गाळलं नाही. त्याने दोर खाली ठेवला नाही.

"तुमाला कोनी सांगितलं व्हतं ती पेटी करायला?"

"कोणी न्हाई."

"मंग काहून केली?"

गंगारामने दोराला दोन पीळ घातले आणि विचारलं, "आता बराबर चालती का?"

"या उन्हाळ्याचं सांगू शकतो. म्होरल्या सालचं न्हाई सांगत."

"मंग दर साली येऊन सांगत जा."

ती क्षमा नव्हती. घरात या, असंही तो म्हणाला नाही. पण त्या सालापासून सर दर मे महिन्यात बसने दवाखान्यात जात, पेटी उघडून तपासत, आणि तिथून उन्हात चालत गंगारामच्या अंगणात जाऊन सांगत की चालते आहे. तो मान हलवी. चौथ्या की पाचव्या वर्षी त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. परत आल्यावर सरांनी मला एवढंच सांगितलं आणि त्या संध्याकाळी ते ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात असे. ते फार बोलत नसत. एकदा मात्र वहिनींना म्हणाले, "बोट कोणालाबी लावता येतं. कवा लावायचं ते ठावं पायजे." वहिनींना वाटलं वातात बोलत आहेत. मला पेटीतली ती तांब्याची रेघ आठवली; जानेवारीत बोट लावलं असतं तर ती गारच लागली असती.

अंत्यविधीला वस्तीतली माणसं, कॉलेजची माणसं, जुने विद्यार्थी होते. बुद्धवंदना झाली. माणसं पांगायला लागली तेव्हा गंगाराम मला दिसला. बसच्या कंडक्टरकडून त्याला कळलं होतं. तो दूर लिंबाखाली उभा होता, पटका हातात. मी जवळ गेलो.

"सांगायला आता कोन येईल?" त्याने विचारलं.

मी ग्रंथपाल. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, सरांचा तक्ताही वहिनींनी मला दिला असता. पण पेटी उघडून ती टिकेल की नाही हे मला कधीच सांगता आलं नसतं. मी तसं म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. मग पटका डोक्याला गुंडाळला.

"बरं," तो म्हणाला. "मंग गावात सांगतो. आता थेट परभणीलाच न्या म्हनावं."