आरशातला गोठा

“मॅडम मुक्या हायेत का हो?”

मालकांनी सरांना हळूच विचारलं, पण पत्र्याखाली हळू बोललेलंही लांब जातं. मी चार पावलांवर टेप धरून खांबांमधलं अंतर मोजत होते. ऐकू आलं नाही असं दाखवण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे.

“कमी बोलते,” सर म्हणाले. “तिचं ड्रॉइंग बोलतं.”

“मग बरंय. आमच्या घरात कमी बोलणारं कुणीच नाय.”

शहराबाहेर, हर्सूल मागे टाकल्यावर बऱ्याच वेळाने उजवीकडे एक कच्चा रस्ता लागतो. त्याच्या टोकाला हा गोठा उभा राहत होता. सरांच्या ऑफिसात आम्ही एरवी वाळूजकडच्या कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढतो. गायींसाठी पहिल्यांदाच काढत होतो. अडीचशे गायी आणि दूध काढायला चार रोबोट. गायींना कुणी हाकायचं नाही, बांधायचं नाही. गाय आपल्या मनाने येते, एकेरी फाटकातून पिंजऱ्यात शिरते, समोर खुराक पडतो, ती खात असताना बाजूने रोबोटचा हात पुढे येतो, सड धुतो, कप लावतो. दूध निघालं की पुढचं फाटक उघडतं. शेडचा नकाशा काढणाऱ्याचं काम एवढंच, की गायीला कुठेही अडखळावंसं वाटू नये. रुंद वाट, खुराला पकड देणारी जमीन, वारा खेळेल असं मधून उघडं छप्पर. मला हे काम मनापासून आवडलं होतं. ज्या गायीला बोलावं लागत नाही, तिच्यासाठी घर बांधायचं.

बोलण्याचं म्हणाल, तर साइटवर मी मराठीत बोलायला बिचकते. घरात मराठीच आहे, पण शाळा इंग्रजी. मिस्त्री “एकोणसत्तर” म्हणाला की मी मनात आधी साठ धरते, मग सत्तर, मग एक मागे येते. तोवर तो पुढच्या मापावर गेलेला असतो. एकदा मी एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर म्हटलं आणि दिवसभर सगळे मला पाहून हसत राहिले. तेव्हापासून मी आकडे कागदावर लिहून देते.

पाया भरण्याआधी मालकांनी वास्तूवाल्याला आणलं होतं. तो म्हणाला, विजेवर चालणारी एवढी यंत्रं, ती आग्नेयेलाच हवीत. आमच्या नकाशात यंत्रखोली नैऋत्येला होती. मालकांचा चेहरा उतरला. सरांनी ऑफिसात येऊन मला सांगितलं, “काही नाही, पूर्ण प्लॅन मिरर कर. गायीला काय फरक पडतो?”

संगणकावर हे काम दोन क्लिकचं. अख्खा गोठा आरशात बघावा तसा पालटला, पण सगळी अक्षरंही उलटी झाली. ती मी दुपारभर एकेक करून सरळ केली. ‘खुराक’, ‘प्रतीक्षा जागा’, ‘दूध टाकी’. संध्याकाळी नकाशा स्वच्छ दिसला आणि मी समाधानाने घरी गेले.

आता त्या नकाशाप्रमाणे खांब आणि छप्पर उभं होतं, यंत्रांच्या जागी खड्डे खणून झाले होते, सळया बांधल्या होत्या, दूध, हवा आणि पाण्याचे पाइप जागेवर उभे होते. उद्या सकाळी सहाला काँक्रीटच्या गाड्या यायच्या होत्या. आज शेवटची तपासणी. सर आणि मालक खांबांकडे वळले तशी मी जुन्या गोठ्यात गेले.

तिथे चाळीसेक गायी होत्या आणि वस्तीवरची एक मावशी. ती बादलीचं मशीन घेऊन एकेका गायीपाशी बसत होती. सड धुवायची, कप लावायची, पाठीवर थाप मारायची, पुढे. प्रत्येक वेळी गायीच्या डाव्या अंगाला.

“तिकडून नाही बसत?” मी विचारलं. तिच्याशी बोलताना मला भीती वाटत नव्हती, का ते माहीत नाही.

“नाय बाई. तिकडून बसलं का ही लाथच घालती. डाव्या अंगाची सवय हाय तिला.” ती हसली. “त्या तुमच्या मशीनला लाथ बसली तर मशीन रडंल का?”

“नाही रडणार.”

“मग त्याला काय कळणार तिचं. त्याचा हात कोणत्या अंगानं येतो?”

मी खिशातून फोन काढला.

रोबोटचा हात एकाच बाजूने येतो. परदेशातून यंत्रं मागवताना कंपनीने विचारलं होतं, डावं हवं की उजवं. तेव्हाच्या नकाशावर बघून आम्ही डावं कळवलं होतं. मग मी नकाशा पालटला. भिंती पालटल्या, फाटकं पालटली, आणि त्यांच्याबरोबर कागदावरचं यंत्रही. अक्षरं मी सरळ केली. यंत्राकडे बघितलंच नाही.

मी फोनवर ड्रॉइंग उघडून बोटांनी मोठं केलं. कागदावर हात उजवीकडून येत होता. जहाजात चढलेल्या यंत्राचा डावीकडून येणार होता. हे पाइप काँक्रीटमध्ये असेच गाडले, तर यंत्राची हाताची बाजू यंत्रखोलीकडे न येता ताटकळलेल्या गायींच्या गर्दीत उघडणार होती. काही अडलं तर माणसाने त्या गर्दीत उभं राहून दुरुस्ती करायची.

“काय झालं गं? भूत पाहिल्यावानी उभी राहिलीस.”

“काही नाही, मावशी.”

बाहेर आले. सर मालकांना छपराचा उतार दाखवत होते. त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी दोनदा “सर” म्हटलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी “एक मिनिट” म्हणून हात केला आणि मिस्त्रीला म्हणाले, “सगळं ओके आहे. सहाला सुरू करा.” मिस्त्रीने गाडीवाल्याला फोन लावायला खिशात हात घातला.

मी मनात वाक्य इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग ते फार लांब झालं. सर ओशाळतील, नकाशावर सही त्यांची होती. मालक म्हणतील, बोलली आणि हे बोलली. जुन्या गोठ्याच्या दारात मावशी बादली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मिस्त्रीने फोन कानाला लावला.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. तिघेही वळले. “उद्या काँक्रीट टाकू नका. यंत्राचा हात डावीकडून येतो आणि आपण पाइप उजव्या हातासाठी उभे केलेत. नकाशा पालटताना चूक माझ्याकडून झाली.”